प्रकल्प नोंदी: बॅलार्ड इस्टेट ऑफिस, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

परवा अनंत चतुर्दशी झाली. गावाला गेलेली मंडळी परतली आणि आज ऑफिस पुन्हा पूर्ण भरलं, म्हणून मोजदाद आजच उरकली. माणसं ३४, कॉम्प्युटर ३८, सर्व्हर १. बॅलार्ड इस्टेटला दोन मजले आणि न्हावा शेव्याला सहा जणांची एक खोली. धंदा कस्टम क्लिअरिंगचा, म्हणजे पार्ट्यांचा (गिऱ्हाइकांचा) माल कस्टममधून सोडवून देण्याचा. दिवसभर बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरण), शिपिंग बिल (तेच निर्यातीचं), डिलिव्हरी ऑर्डर आणि पार्ट्यांचे फोन.

साहेबांनी दिलेलं काम एका ओळीचं आहे: १४ ऑक्टोबरच्या आत, म्हणजे मायक्रोसॉफ्ट त्याचे अपडेट बंद करायच्या आधी, विंडोज १० बदलायचं आणि त्याच खर्चात 'सिक्युरिटीचं काय ते' बघून घ्यायचं. ३८ पैकी २९ मशिन अजून विंडोज १० वर आहेत.

मशिनचे नंबर टिपण्यासाठी कीबोर्ड उचलावे लागले. १७ कीबोर्डांखाली चिठ्ठ्या निघाल्या. एक चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून उभी होते. कुरिअरच्या पावतीची मागची बाजू, त्यावर एकाखाली एक पासवर्ड, प्रत्येक खोडलेला. शब्द तोच, फक्त शेवटचा आकडा दर महिन्याला एकानं वाढलेला. शेवटचा न खोडलेला आकडा ४१ होता. पुढच्या महिन्याचा पासवर्ड काय असेल, हे तिथून जाणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं.

दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायचा हा नियम या ऑफिसात मीच आणला, २०१९ मध्ये. एका पार्टीच्या ऑडिट फॉर्मवर तो होता, मी तसाच उचलला. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांवर मला रागावता येणार नाही. माणसाला पाळता येत नाही असा नियम केला की सगळ्यात मोठं भोक त्या नियमालाच पडतं. या प्रकल्पात प्रत्येक नियम लिहिण्याआधी तो कोण, कुठल्या वेळेला आणि कुठल्या घाईत पाळणार, हे त्या माणसाच्या खुर्चीशेजारी बसून बघायचं ठरवलं आहे.

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

मोठ्या साहेबांचं डीएससी टोकन, म्हणजे त्यांची डिजिटल सही असलेला यूएसबीचा तुकडा, डॉक्युमेंटेशनच्या कोपऱ्यातल्या पीसीला कायम लावलेलं असतं. त्याचा पिन शेजारच्या यूपीएसवर काळ्या मार्करनं लिहिलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं डिजिटल सहीला हातानं केलेल्या सहीइतकीच किंमत दिली आहे. म्हणजे कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते टेबलावर ठेवून द्यावं, तसा हा प्रकार आहे.

असं का होतं, ते बघायला काल संध्याकाळी तिथे बसले. सव्वाआठला निरोप आला की एक जहाज लवकर लागतंय. जहाज ज्या दिवशी येणार त्याचा आदला दिवस संपायच्या आत बिल ऑफ एन्ट्री भरावी लागते, मधे सुट्टी आली तरीही. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. साहेब नाशिकच्या रस्त्यावर, फोनला रेंज नाही. खुर्चीत बसलेल्या पोरानं यूपीएसकडे बघितलंही नाही, पिन त्याला पाठ होता. बिल गेलं, पार्टीचे पैसे वाचले. 'टोकन फक्त साहेबांनी वापरावं' असं परिपत्रक २०२१ सालापासून नोटीस बोर्डावर आहे. ते पाळलं असतं तर त्या पोराला दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागली असती.

आज साहेबांशी बोलले. ते म्हणाले, "अहो, माझी सही मी माझ्याच माणसांना विश्वासानं दिली आहे." मी म्हणाले, "साहेब, माणसांवरचा विश्वास योग्यच आहे. पण तो यूपीएस एसी दुरुस्तीवाल्यालाही दिसतो." त्यांनी मान हलवली.

ठरलं ते असं: आपल्याकडच्या दोन जी-कार्डवाल्यांच्या (कस्टमच्या कागदांवर सही करायची मुभा असलेल्यांच्या) नावानं स्वतंत्र डीएससी काढायच्या. दोघांच्या पाळ्या अशा लावायच्या की रात्री दहापर्यंत एक जण हजर असेल. टोकन ज्याचं त्याच्या खिशात. साहेबांचं टोकन कपाटात, अडीअडचणीला. खर्च काही हजारांचा आहे. मार्कर स्पिरिटनं पुसला, पिन बदलला.

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पासवर्डचा नवा नियम आज लागू केला. धाकट्या साहेबांना तो पटवायला वेळ लागला, कारण ३० दिवसांचा नियम काढून टाकणं त्यांना सैल सोडल्यासारखं वाटत होतं. त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर हाताशी असावं.

कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह आणि अधूनमधून बदल ही पद्धत जगभर पसरली ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनं नवी मार्गदर्शिका काढली: ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. यंदाच्या एनआयएसटीच्या आवृत्तीत तर ठरावीक मुदतीनं बदलायला लावण्याला मनाईच आहे, आणि नुसता पासवर्डच असेल, दुसरा टप्पा नसेल, तर किमान १५ अक्षरं मागितली आहेत. मी २०१९ मध्ये जो नियम आणला, तो त्याच्या दोन वर्षं आधीच मोडीत निघाला होता. मी वाचायला हवं होतं.

आता आपला नियम: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, मुदत नाही, ईमेलला आणि सर्व्हरला मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा, म्हणजे त्यात दर वेळी दिसणाऱ्या नव्या आकड्याचा, दुसरा टप्पा. गाव, देव, मुलांची नावं, गाडीचा नंबर चालणार नाही. पोर्टलचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे ते कुलूपबंद लक्षात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

अकाउंट्सच्या काकांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ते सकाळीच म्हणाले, "अगं, मला एवढं लांबलचक कुठं आठवणार?" मी म्हटलं, घरून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत काय काय दिसतं ते चार वस्तूंत सांगा. त्यांनी डोळे मिटले आणि चार वस्तू मोठ्यानं सांगितल्या. छान होत्या. मी म्हटलं, "काका, आता या मी ऐकल्या, आता दुसऱ्या चार, आणि मनातल्या मनात." दुपारी तीन वेळा लॉगिन करून त्यांनी मला दाखवलं, तीनही वेळा न अडखळता. जाताना कीबोर्डाखालची चिठ्ठी स्वतः फाडून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

न्हावा शेव्याच्या सहा जणांपैकी दोघांकडे साधा फोन आहे. त्यांच्यासाठी यूएसबी सिक्युरिटी की, म्हणजे दुसऱ्या टप्प्यासाठी मशिनला लावायच्या किल्ल्या, मागवल्या. एसएमएसचा ओटीपी टाळला, कारण सिम बदलून घेऊन ओटीपी पळवण्याचे प्रकार आपल्या शहरात पुष्कळ झाले आहेत.

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

एका विक्रेत्याची दोन माणसं आली होती. फायरवॉलची, म्हणजे बाहेरून नेटवर्कमध्ये येणारं-जाणारं अडवणारी, पेटी आणि सगळ्या मशिनवर बसणारं संरक्षणाचं सॉफ्टवेअर, मिळून साडेसहा लाख, वर दर वर्षी नूतनीकरण. स्लाइड उत्तम होत्या. मी एकच विचारलं: रात्री दोन वाजता धोक्याची सूचना आली तर ती कोण बघणार? उत्तर आलं, डॅशबोर्डवर दिसेल. रात्री दोन वाजता आपल्याकडे डॅशबोर्डसमोर कुणी नसतं. कुणीतरी बघण्याची सेवा वेगळी, तिचे पैसे वेगळे.

संरक्षणाचं सॉफ्टवेअर नको असं माझं म्हणणं नाही. विंडोजमध्ये असलेलं आपण नीट चालू ठेवतो, तेही कमी नाही. पण अशा सॉफ्टवेअरला मशिनच्या गाभ्यात हात घालायची मुभा द्यावी लागते, आणि ती देताना त्या कंपनीच्या अपडेटची चूक आपली होऊन बसते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या असंच सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची एक सदोष फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला बाहेर पडली आणि ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशिन पडली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मशिन उठवायला बहुतेक ठिकाणी माणसानं प्रत्यक्ष समोर बसून सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली, आणि ज्यांची डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या कुलपानं, बंद होती त्यांना आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की शोधावी लागली. आपल्या किती मशिनच्या कीज कागदावर आहेत? आज तपासलं: ११ मशिनवर बिटलॉकर, कागदावर चार.

साहेबांना शिफारस दिली: साडेसहा लाखांची खरेदी आत्ता नको. त्यातल्या सव्वातीन लाखांत मशिन, डिस्क, सिक्युरिटी की आणि माझ्या हाताखाली सहा महिने एक मुलगा. साहेबांना पेटी हवी होती, कारण ती पार्टीला दाखवता येते. त्यांना वाईट वाटलं, मला दिसलं. तरी त्यांनी सही केली.

बिटलॉकरच्या उरलेल्या सात कीज संध्याकाळी छापल्या आणि लिफाफ्यात घालून कपाटात ठेवल्या.

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

खंडेनवमी. सकाळी शिपाईमामांनी प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूचं फूल लावलं, सर्व्हरला मोठी माळ. गेल्या वर्षी कुंकू पुढच्या जाळीतून आत पंख्यावर गेलं होतं, म्हणून या वेळी सर्व्हरच्या कपाटाला बाहेरून स्वस्तिक काढलं. मामांना कारण सांगितलं तर त्यांनी स्वतःच बाकीच्या मशिनचं कुंकू जाळीपासून दूर लावलं. वर्षातून एक दिवस सगळं ऑफिस सर्व्हरसमोर हात जोडून उभं राहतं, मला तो दिवस आवडतो.

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आजची नोंद सविस्तर लिहिते.

आपला बॅकअप रोज रात्री साडेअकराला होतो आणि सकाळी हिरवी खूण येते. ती खूण मी रोज बघते, कित्येक वर्षं. आज पहिल्यांदा तो बॅकअप एका कोऱ्या मशिनवर परत आणून बघितला. सकाळी दहाला सुरुवात केली. टॅली उघडली, कालच्या शेवटच्या व्हाउचरपर्यंत सगळं जागेवर. स्कॅन केलेली कागदपत्रं उघडली. मग जॉब रजिस्टर, म्हणजे हातात घेतलेल्या प्रत्येक कामाची नोंदवही, उघडलं. डॉक्युमेंटेशनच्या ताई शेजारी बसल्या होत्या, त्यांना म्हटलं, कालचा शेवटचा जॉब नंबर सांगा. त्यांनी सांगितला. स्क्रीनवर तो नव्हता. आम्ही खाली खाली गेलो. शेवटचा जॉब १४ जुलै २०२३ चा होता.

ताई काही बोलल्या नाहीत. मी पुन्हा परत आणलं, तेच आलं.

कारण दुपारी सापडलं. जुलै २०२३ मध्ये सर्व्हरची डी ड्राइव्ह भरली, म्हणून जॉब रजिस्टर मी ई ड्राइव्हवर हलवलं होतं. खबरदारी म्हणून जुनी फाइल डीवर तशीच ठेवली. बॅकअपला नवी जागा सांगायची राहिली. सॉफ्टवेअर रोज रात्री प्रामाणिकपणे तीच जुनी फाइल उचलत होतं. त्याला फाइल मिळत होती, ती नीट कॉपी होत होती, म्हणून खूण हिरवी. सव्वादोन वर्षांचे, जवळजवळ २६ हजार जॉब एका डिस्कच्या भरवशावर होते. कस्टम ब्रोकरला कागदपत्रं किमान ५ वर्षं जपावी लागतात. त्या डिस्कनं मधल्या काळात दगा दिला असता, तर हे ऑफिस उभं राहिलं नसतं.

साहेबांना लगेच फोन केला आणि चूक माझी आहे हे स्पष्ट सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आत्ता काय करायचं ते करा, बाकी सोमवारी." रजिस्टरच्या दोन प्रती बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, दोन्ही उघडून ताईंकडून शेवटचा नंबर वाचून घेतला. रात्री साडेअकराला निघालो. ताईंना डोंबिवलीला जायचं होतं, त्यांचे मिस्टर स्टेशनवर घ्यायला आले होते.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

घरून. कालचं डोक्यातून जात नाही.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची हकीकत मी नव्या मुलांना नेहमी सांगत आले. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरनं रात्री थकून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, एकही धड चालत नव्हती. त्यातली एक तर डेटाबेसची आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीपासून बंद पडली होती आणि ती बंद पडल्याचे ईमेल त्यांच्याच मेल व्यवस्थेत नाकारले जात होते. योगायोगानं सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती लोकांसमोर थेट दाखवली. ही हकीकत सांगताना मला कधी वाटलं नाही की आपल्या ऑफिसात तेच होऊन बसलं आहे.

आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला तर हे कुणी शिकवायला नको. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं बसलं. न्हावा शेव्याला त्यांच्या गटाचं जीटीआय टर्मिनल आहे, तिथलं काम ठप्प झालं. कुठला कंटेनर कुणाचा, हेच कळेना. त्या आठवड्यात आपली न्हावा शेव्याची मंडळी दिवसभर ट्रकवाल्यांचे फोन घेत होती. मर्स्कनं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. त्यांच्या सगळ्या नेटवर्कची ओळखयादी ज्या सर्व्हरांवर असते ते सगळे पुसले गेले होते, एक सोडून. तो घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. एवढी मोठी कंपनी वीज गेल्यामुळे वाचली. आपण कशामुळे वाचणार, याचा विचार करायला हवा.

ठरवलेलं: प्रती तीन. एक सर्व्हरशेजारी, रोजची. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, दर शनिवारी घेऊन तार काढून कपाटात. तारेनं जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसला सर्व्हरइतकीच सोपी. तिसरी कुलूपबंद करून मालाडला धाकट्या साहेबांच्या घरी. तिथेच का, याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७३. एकाच शहरात दोन ठिकाणांचं नशीब इतकं वेगळं असू शकतं. मालाड बुडेल तेव्हा फोर्ट कोरडं असेल आणि फोर्टात आग लागली तरी मालाड सुखरूप. घर चौथ्या मजल्यावर आहे, डिस्क कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

आणि महिन्यातून एक शनिवार परत आणून बघण्याचा. हिरवी खूण आता नोंदवहीत धरायची नाही. ताईंनी वाचलेला शेवटचा जॉब नंबर लिहायचा.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

विंडोज १० चा शेवटचा दिवस. २९ पैकी २० मशिन विंडोज ११ वर गेली. नऊ गेली नाहीत, कारण त्यांचे प्रोसेसर जुने आहेत किंवा टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप नाही. सहा बदलली. दोन मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, त्यांवर फक्त ब्राउझर आणि पोर्टल लागतं. दोघांपैकी एकानं तक्रार केली, ती कीबोर्डवरच्या मराठी टायपिंगची होती, सोडवली.

उरलं एक, कार्बन कॉपीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं. त्याचं जुनं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. वाढीव अपडेट विकत घ्यायचे तर कंपन्यांना पहिल्या वर्षी एका मशिनला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. त्यापेक्षा त्याची नेटवर्कची तार काढली. पेन ड्राइव्हनं फाइल नेऊन छापायची आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कशाला लावायचा नाही. त्याला लाल दोरी बांधली आहे.

नवी मशिन घ्यायला भाग पाडणारा हा निर्णय मला पटत नाही. सहापैकी चार मशिन उत्तम चालत होती. ती पुसून, लिनक्स टाकून रायगडच्या एका शाळेला द्यायची साहेबांनी परवानगी दिली.

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

दिवाळीनंतरचा पहिला पूर्ण आठवडा, टेबलांवर अजून फराळाचे डबे. सकाळी ११:१० ला डॉक्युमेंटेशनचा एक मुलगा माझ्याकडे आला. चेहरा पांढरा. परदेशी फॉरवर्डरच्या (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याच्या) नावानं आलेल्या मेलमधल्या लिंकवर त्यानं ईमेलचा पासवर्ड टाकला होता. "किती वेळ झाला?" "दहा मिनिटं." मी त्याला शाब्बास म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले.

पासवर्ड बदलला, सगळी चालू लॉगिन तोडली, मेल पुढे ढकलण्याचा एखादा चोरटा नियम बसवला गेला आहे का बघितलं. नव्हता. दुसऱ्या टप्प्यानं बाहेरच्या माणसाला अडवलं होतं, लॉगमध्ये दोन फसलेले प्रयत्न दिसले. अर्ध्या तासात काम संपलं. ऑथेंटिकेटरवरचा आकडाही पळवणाऱ्या बनावट लिंक असतात, म्हणून दिलासा मर्यादित. डॉक्युमेंटेशनला सिक्युरिटी की द्यायच्या, हे पुढच्या खरेदीत.

२०२१ मध्ये असंच झालं होतं. तेव्हा 'चुकीच्या लिंकवर क्लिक केल्यास ५०० रुपये दंड' असं परिपत्रक होतं. ज्याच्याकडून झालं त्यानं तीन दिवस सांगितलं नाही. तीन दिवस कुणीतरी त्याचे मेल वाचत होतं आणि चौथ्या दिवशी आपल्या एका पार्टीला 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल गेला. पार्टीच्या मॅनेजरनं फोन करून विचारलं, म्हणून पैसे वाचले. सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. माणूस पगार कापला जाईल या भीतीनं तीन दिवस गप्प बसणार असेल, तर आपल्याला कळणार कधी आणि आपण कळवणार कधी?

दंडाचं परिपत्रक आज बोर्डावरून काढलं, साहेबांच्या सहीनं. त्या जागी दोन ओळी लावल्या. कुणी चूक लगेच सांगितली तर त्याला शिक्षा नाही. खातं बदलल्याचा मेल आला तर मेलमधल्या नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करायचा, आणि पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला.

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

एका मोठ्या पार्टीचा वार्षिक ऑडिट फॉर्म आला, ६४ प्रश्न. अठरावा: 'पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलले जातात का?' पुढे हो किंवा नाही. बॅकअप रोज होतो का, हेही विचारलं आहे. तो परत आणून बघितला का, हे ६४ प्रश्नांत कुठेच नाही.

धाकटे साहेब म्हणाले, "हो लिहून टाका, सगळे तेच लिहितात. पार्टी गेली तर?" त्यांची काळजी खोटी नाही, ही पार्टी आपल्या कामाचा पाचवा हिस्सा आहे. मी म्हणाले, "हो लिहिलं आणि उद्या काही झालं, तर सगळ्यात आधी हा कागद काढतील." शेवटी 'नाही' लिहिलं आणि सोबत एक पान जोडलं: मुदत का काढली, तिच्या जागी काय आहे, ४ ऑक्टोबरला काय सापडलं आणि आपण काय केलं. ऑक्टोबरची गोष्ट लिहावी की नाही यावर मोठ्या साहेबांनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाले, "लिहा. आपल्या धंद्यात खोटं डिक्लेरेशन कधी दिलं नाही, इथे का द्यायचं?"

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम १४ तारखेला अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिने आहेत, पण सुरक्षेत हयगय झाली तर कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही. सर्व्हरवर 'केवायसी' नावाचं फोल्डर सगळ्यांना उघडं होतं. त्यात पार्ट्यांच्या मालकांची आधार, पॅन, पासपोर्टच्या प्रती, काही २०११ च्या. आता चौघांनाच दिसतं. बंद झालेल्या पार्ट्यांचं काय ठेवायचं आणि काय पुसायचं, ती यादी काका करत आहेत. त्यांना प्रत्येक पार्टी कधी सुटली ते तोंडपाठ आहे.

ऑडिट फॉर्मवर पार्टीकडून अजून उत्तर नाही.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

परत आणण्याची तिसरी चाचणी. या वेळी मी हात लावला नाही. मालाडची डिस्क धाकट्या साहेबांनी सकाळी आणली, ताईंच्या हातात एक पानाची लेखी कृती दिली आणि मी बाहेर पॅसेजमध्ये बसले. मी आजारी पडले, गावाला गेले, नोकरी सोडली, तरी हे जमायला हवं.

सातव्या पायरीवर ताई अडकल्या. तिथे 'योग्य ड्राइव्ह निवडा' एवढंच लिहिलं होतं. योग्य कुठली ते मला माहीत, त्यांना कसं माहीत असणार? मला विचारायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी पंचवीस मिनिटं घालवून स्वतः शोधून काढलं. पायरी तिथेच पेनानं सुधारली: 'ज्या ड्राइव्हचं नाव जॉब-ई आहे ती'. तारीख जुळते का बघायची पायरीही त्यांनीच घातली.

सुरुवात १०:०५, शेवट १:४५. टॅली उघडली, कागदपत्रं उघडली. मग ताईंनी दारातून डोकं बाहेर काढून त्या डिस्कवरचा शेवटचा जॉब नंबर वाचून दाखवला. मी वहीतल्या नंबरशी ताडून बघितला आणि त्याखाली त्यांची सही घेतली.

पुढची चाचणी २० डिसेंबर, शनिवार. कृती काका वाचणार.